मयताच्या घरातली सिरीयल: सिक्स फीट अंडर, आईसोबत

अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, न्यायला आलेला स्वर्गरथ आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बंद पडला. येताना नीट आला होता. अण्णांना आत ठेवलं, हार घातले, बायकांचा आकांत सुरू झाला, मी मडकं धरून पुढं उभा, आणि ड्रायव्हरनं चावी फिरवली तर नुसतं खर्र खर्र. पाचसहा वेळा झालं. मग तो मुंडी खाली घालून उतरला आणि हळूच म्हणला, "पावणं, जरा धक्का मारावा लागंल." रडून डोळे सुजलेले माझे दोन काका, मेव्हणा, शेजारचे सर, सगळ्यांनी मागून जोर लावला, गाडी एकदम सुरू झाली आणि ड्रायव्हरला वाटलं आता बंद पडू द्यायची नाही म्हणून त्यानं जी सोडली ती थेट चौकापर्यंत, अण्णा पुढं आणि आम्ही सगळे मागं पळतोय, मी ते धुरणारं मडकं सांभाळत. पळता पळता धाकटे काका म्हणले, "दादाला जन्मभर गडबडच होती." आणि हसले. मी पण हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. घरी आल्यावर मात्र असं वाटायला लागलं की आपण काहीतरी घाण केलं, आणि ते मी दोनतीन वर्षं कुणापाशी बोललो नाही.

एवढं आधी सांगायचं कारण म्हणजे सिक्स फीट अंडरचा पहिला सीनच स्वर्गरथाचा आहे. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बाप नवीकोरी शववाहिका घेऊन मोठ्या पोराला आणायला विमानतळाकडं निघालाय, फोनवर बायको सिगारेटवरून झापतीय, हा सोडतो म्हणतो आणि लगेच दुसरी पेटवायच्या नादाला लागतो, तेवढ्यात बाजूनं बस येऊन ठोकती. संपला बाप. लोकांना पोचवायचा धंदा करणारा माणूस स्वतःच्याच शववाहिकेत गेला. मी रात्री साडेअकराला हॉलमध्ये बसून हसलो, आणि दिवाणावर पडलेली आई, जी मला वाटलं झोपली आहे, ती म्हणली, "का रं, काय झालं?"

तर अशी सुरुवात. सिरीयल जुनी आहे, एचबीओची, 2001 ते 2005, पाच सीझन, 63 एपिसोड. भाच्यानं पुण्याहून येऊन त्याच्या अकाउंटवर टीव्हीला लावून दिली, म्हणला मामा तुला झोप लागत नाही ना, ही बघ. झोप न लागणाऱ्या माणसाला मयताची सिरीयल देणारा भाचा, काय बोलावं. पण अख्खा उन्हाळा निघाला त्याच्यावर. रात्री जेवणं झाली की कूलर लावायचा आणि एक एपिसोड, कधी दोन.

गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या फिशर कुटुंबाची. यांचा धंदा म्हणजे अंत्यसंस्काराचा, आणि राहायचं पण त्याच घरात. वर बेडरूम आणि स्वयंपाकघर, मधी पाहुण्यांनी मयत बघायला यायचा हॉल, खाली तळघरात मढी तयार करायची खोली. बाप गेल्यावर धंदा दोघा पोरांच्या गळ्यात पडतो. थोरला नेट, जो या सगळ्याला कंटाळून लांब पळाला होता, आणि धाकटा डेव्हिड, जो इमानदारीत बापाच्या हाताखाली राहिला आणि आता आतून जळतोय की ह्याला फुकट अर्धा वाटा का. हे तर आपल्याकडच्या कुठल्याही घरात बघा, एक पुण्याला आणि एक शेतात, बाप गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांचं नाव. मला नेटपेक्षा डेव्हिड जवळचा वाटला कारण मी लातूरलाच राहिलेला आहे. डेव्हिड झालाय मायकेल सी. हॉल, तोच पुढं डेक्स्टर नावाच्या सिरीयलमध्ये डेक्स्टर झालेला. मान ताठ, टाय घट्ट, आणि आत काय काय दाबून ठेवलंय ते फक्त जबड्यावर दिसतं. असलं काम मी लय कमी बघितलंय.

जवळजवळ प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला कुणीतरी मरतं. बहुतेक वेळा अनोळखी माणूस, चारदोन मिनिटं त्याचं आयुष्य बघायचं आणि मग तो जातो. कुणी झोपेत जातं, कुणी असं काही जातं की तोंडात मारल्यासारखं हसू येतं. एक बाई गाडी चालवतीय, आकाशात तरंगणाऱ्या फुग्याच्या बाहुल्या दिसतात (कसल्या बाहुल्या ते इथं लिहीत नाही, मोठ्यांच्या म्हणा), तिला वाटतं प्रभू आला, देवदूत वर चालले, भक्तिभावानं गाडीतून उतरून रस्त्यात हात पसरून जाती आणि दुसरी गाडी उडवती. मग स्क्रीन पांढरा होतो आणि त्यावर नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल. बस. आमच्या चौकात फ्लेक्सवर असतं तसंच, फक्त भावपूर्ण श्रद्धांजली आणि शोकाकुल मित्रपरिवाराचे बावीस फोटो नाहीत.

फ्लेक्सवरून आठवलं. अण्णांचा फ्लेक्स करायला मी ज्या पोराकडं गेलो त्याच्याकडं त्याच दिवशी एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचं काम होतं. एका स्क्रीनवर भाऊंचा गॉगल घातलेला फोटो, खाली फटाके, आणि शेजारच्या खिडकीत अण्णा. पोरगं म्हणलं, "काका, बॅकग्राउंड कोणतं टाकू, ढग का दिवा?" मी ढग म्हणलो. "ढगात पन्नास रुपय जास्त लागतेत, ग्लॉसी हाय." आता सांगा, ह्याच्यावर रडायचं का हसायचं. तिरडीचं सामान आणायला गेलेल्या माझ्या चुलतभावाला तर दुकानदारानं विचारलं होतं, माणूस अंगानं कसा होता, त्या हिशोबानं बांबू देतो. आणि भावानं तिथं भाव केला. सवयीनं केला, बिचारा नंतर आठवडाभर ते बोलून दाखवत होता. सिरीयलमध्ये हेच सगळं आहे, फक्त सूटबूट घालून. शवपेट्यांची शोरूम आहे, हलकी, मध्यम, भारी, आणि समोर नुकतीच विधवा झालेली बाई बसलीय, तिला हळू आवाजात भारीतली कशी चांगली ते समजावणं चालू. त्यात परत एक मोठी कंपनी आहे जी असल्या घरगुती धंद्यांना गिळत सुटलीय आणि फिशरांच्याही मागं हात धुवून लागलीय.

पहिल्या एपिसोडमध्ये तर मधी मधी खोट्या जाहिराती आहेत, शववाहिकेची, मढ्यात भरायच्या औषधाची, एकदम चकचकीत, साबणाच्या जाहिरातीसारख्या. पुढच्या भागांत त्या बंद केल्या, बरं केलं, सारखं केलं असतं तर जोक शिळा झाला असता. पण त्यातली एक जाहिरात माझ्या डोक्यातनं जात नाही. खड्ड्यात माती टाकायच्या डबीची. मीठदाणीसारखी डबी, हात खराब न होता थोडीशी माती पेटीवर भुरभुरवायची. आणि मग खरोखर बापाच्या वेळी ती डबी येती. थोरला नेट भडकतो, म्हणतो हे असं मीठ टाकल्यासारखं नाही करणार, आणि हातानं मूठभर माती उचलून टाकतो. त्याच्यामागं आई येती, रूथ, तोपर्यंत दगडासारखी उभी राहिलेली, ती दोन्ही हातांनी माती टाकती आणि तिचा बांध फुटतो.

इथं आई उठून बसली. आमच्याकडं मयताला जायचं म्हणजे मातीला जायचं असंच म्हणतात. कुठं गेलतास, मातीला. माती किती वाजता हाय, चार वाजता. जाळायचं असलं तरी शब्द मातीच, आणि आमच्या भागात लिंगायत समाजात तर खरोखर मातीच देतात, बसवून. आईला इंग्रजी येत नाही, पण त्या सीनला काही सांगायची गरज पडली नाही. एवढंच म्हणली, "आता कसं. मगापासून बाईला रडू देईनात."

हाच ह्या सिरीयलचा गाभा आहे माझ्या मते. फिशरांच्या घरात कुणी जास्त रडायला लागलं की त्याला हळूच धरून आतल्या खोलीत नेतात, बाकीच्यांना त्रास नको. नेट त्यावरच भांडतो, तो सिसिलीला गेलेला असताना त्यानं म्हाताऱ्या बायका पेटीवर पडून किंचाळताना बघितलेल्या असतात, त्याला ते खरं वाटलेलं असतं. आता आमच्याकडं रडायची बंदी कुणाला. आमची आत्या रडायला बसली की चार गल्ल्या ऐकतात, सुरात, ओव्यासारखं, "माज्या सोन्याच्या राज्या रं, मला टाकून कसा गेलास रं." अण्णांच्या वेळी त्याच सुरात, एक मात्रा न चुकवता, तिनं आत बघून म्हणलं, "दूध उतू चाललंय की गं, गॅस कमी कर की गं." आणि परत राज्यावर आली. कुणी हसलं नाही. म्हणजे कुणाला ते हसण्यासारखं वाटलंच नाही, दूध उतू चाललं होतं हे खरं होतं आणि अण्णा गेले हेही खरं होतं.

सिरीयल बघताना हे सारखं कळत जातं. त्यात विनोद वेगळा आणि दुःख वेगळं असं वाढून ठेवलेलंच नाही. रूथला नवरा गेल्याचा फोन येतो तेव्हा ती सणाचा स्वयंपाक करत असती, ती फोन आपटती, ताटभांडी फेकती, आणि पोराला सांगती की बाप गेला आणि माझं मटण पण वाया गेलं. एका दमात. ते ऐकून मला थेट आत्याचं दूध आठवलं.

टायटलमध्ये कावळा आहे. थॉमस न्यूमन यांचं संगीत, दोन हात एकमेकांपासून सुटतात, एक झाड, आणि कबरीच्या दगडावर कावळा. पहिल्यांदा दिसला तेव्हा आई म्हणली, "ह्यांच्यातबी शिवावं लागतंय का?" मी म्हणलो नाही, तो नुसता दाखवायला आहे. तेव्हापासून रोज टायटल लागलं की ती म्हणायची, आला बघ तुमचा पाव्हणा.

आता आईसोबत बघायची म्हणजे अडचणी पण सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी सहकुटुंब बसंल आणि मला शिव्या घालंल. बाप मेल्याचा फोन येतो तेव्हा थोरला पोरगा विमानतळावरच्या स्टोअररूममध्ये विमानात भेटलेल्या ब्रेंडा नावाच्या बाईसोबत काय करत असतो ते दाखवलंय. धाकटी बहीण क्लेअर नशेत असती. डेव्हिडचं एका पोलिसासोबत प्रेम आहे आणि घरात ते लपवलेलं आहे. रिमोट कायम मांडीवर ठेवायचा. रूथनं नवरा जिवंत असताना एका केस कापणाऱ्याशी संबंध ठेवलेले असतात आणि तिला वाटतं की मेलेल्या नवऱ्याला आता सगळं कळलं, तेव्हा ती पोरांपुढं ढसाढसा रडत कबूल करती. आईनं विचारलं काय म्हणायलीय ती, मी म्हणलो सलूनवाल्याचे पैसे द्यायचे राहिले म्हणती. आई बराच वेळ टीव्हीकडं बघत बसली. मग म्हणली, "एवढं कुणी पैशासाठी रडत नाही. सांगू नको, मला कळालं." डेव्हिडचं तर तिला माझ्याही आधी कळलं होतं. "त्येला मायला सांगायचंय आन तोंड उघडंना," एवढंच बोलली, आणि पुढं त्याच्या जोडीदाराला ती घरचा जावई असल्यासारखं, आज आला न्हाई का, असं विचारायची.

गेलेली माणसं ह्यात येऊन बोलतात. भूत वगैरे नाही. डेव्हिड तळघरात एखाद्याच्या अंगावर काम करत असतो आणि तो माणूस उठून बसून ह्यालाच सुनावतो. बाप, म्हणजे रिचर्ड जेनकिन्स, कधीही कोपऱ्यात सिगारेट ओढत उभा असतो, जिवंतपणी जे बोलला नाही ते आता टोमण्यात बोलतो. आपल्याकडं हे कुणाला वेगळं सांगायला नको, आई अजून कुकरची शिट्टी मोजताना अण्णांना बोलत असती, झाल्या का तीन.

ही लिहिणारा ॲलन बॉल, अमेरिकन ब्युटीची पटकथा त्याचीच, ऑस्कर मिळालेली. तेरा वर्षांचा असताना बहिणीसोबत गाडीत होता आणि अपघातात बहीण गेली, ह्याच्या शेजारी बसलेली. हे मी सीझन दोन संपल्यावर वाचलं, आणि मग ते दरवेळी सुरुवातीला अचानक मरण येतं ते नुसती कल्पना म्हणून बघता येईना.

रिको नावाचा एक कामगार आहे त्यांच्याकडं, त्याच्यावर कुणी जास्त लिहीत नाही म्हणून मी लिहितो. तो चेहरे नीट करणारा. अपघातात काहीच उरलं नाही असा चेहरा तो मेण, रंग, टाके वापरून असा उभा करतो की आईबापानं शेवटचं बघावं. त्याला आपल्या कामाचा गर्व आहे आणि पगार कमी असल्याचा राग. आमच्याकडं एवढा वेळच नसतो, सकाळी गेला तर दुपारी माती, फारच झालं तर पुण्यामुंबईहून लेकरू यायचंय म्हणून फ्रीजरची पेटी भाड्यानं आणतात. पण आमच्या एका पावण्याचं पोरगं ट्रॅक्टरखाली गेलं होतं, त्याला शेवटपर्यंत चादरीतच ठेवलं, आईला तोंड दाखवलं नाही. रिकोचे सीन बघताना मला ती माऊली दिसत होती. तिथं मी टीव्ही बंद करून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, हे खरं सांगतो.

माझ्या आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या जवळ. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट, चारच्या सुमाराला भूकंप. दगडामातीच्या भिंती, झोपेत माणसं गेली, हजारोंनी. आई त्याबद्दल कधी बोलत नाही. पण सिरीयल बघता बघता एका रात्री आपणहून सांगितलं की मदतीचे ट्रक आले त्यात कपड्याचे गठ्ठे होते, कुठल्या कुठल्या शहरातले, आणि तिच्या एका चुलत्याला त्यातला लग्नातला चमकीचा कोट आला. दुसरं काही नव्हतं म्हणून म्हातारा धोतरावर तो कोट घालून टँकरच्या लाईनीत उभा राहायचा, आणि ज्यांच्या घरात चारचार माणसं गेलेली ती लोकं त्याला नवरदेव म्हणून हाक मारायची. सांगताना आई हसली, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. मग मी तिला स्वर्गरथाचं सांगितलं, आम्ही पळत होतो ते, काका काय म्हणले ते. तिला माहीतच नव्हतं, ती घरात होती ना. ती म्हणली, "आदी का न्हाई सांगितलंस?"

बरं, कौतुक पुष्कळ झालं. तक्रारी पण आहेत. तिसऱ्या सीझनपासून गाडी रेंगाळती. नेटचं आणि ब्रेंडाचं चालू-बंद चालू-बंद, मला तर दोघांना समोर बसवून दोन शब्द सुनवावेसे वाटले. ब्रेंडाचे आईबाप दोघंही मनाचे डॉक्टर आणि घरातलं एकही माणूस धड नाही, पहिल्यांदा गंमत वाटती, नंतर तेच तेच. सगळी माणसं उठसूट मला काय वाटतंय, तुला काय वाटतंय यावर बोलत बसतात, कुणाला शेतावर जायचं नाही की वीज गेली नाही. आणि चौथ्या सीझनमध्ये डेव्हिड एका पोराला लिफ्ट देतो आणि तो पोरगा त्याला धरून फिरवतो, छळतो, तो एपिसोड. लोक त्याला भारी म्हणतात. मला तो नुसता मारहाण वाटला, विनोद नाही, काही उजेड नाही, आणि सगळी सिरीयल ज्या समतोलावर उभी आहे तो तिथं गेला. आई तर मधीच उठून झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं फक्त, सुटला का लेकरू.

शेवटचा एपिसोड मात्र... शेवट सांगणार नाही, नेटवर चुकूनही वाचू नका, शेवटची सहासात मिनिटं म्हणजे टीव्हीवर जे काय भारी झालंय त्यातलं ते एक आहे. तरी एक सांगतो, त्यानं काही बिघडत नाही. त्या पांढऱ्या स्क्रीनवर एका ठिकाणी 2025 साल येतं. ज्यांनी ते 2005 मध्ये बघितलं त्यांना केवढं लांब वाटलं असंल. आईला आकडे वाचता येतात. तिनं वाचलं, बोटावर हिशोब केला आणि म्हणली, "गेल्या सालीच की. आपल्याला कळालंबी न्हाई."

कुणी बघावी? ज्यांच्या घरात नुकतंच काही झालंय त्यांनी लगेच नको, वर्षश्राद्ध होऊ द्या. ज्यांना कॉमेडी म्हणजे मागून हसण्याचा आवाज पाहिजे त्यांनी नकोच. इंग्रजी सबटायटल लावा, लोक हळू बोलतात. एका बैठकीत चार एपिसोड बघू नका, जड होतं, दिवसाला एकच. आणि जेवण करून बसा, जेवताना नाही, कारण तिसऱ्याच एपिसोडमध्ये बेकरीतल्या पीठ मळायच्या मशीनमध्ये माणूस जातो आणि नंतर त्याचा एक पाय सापडत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कणिक मळली नाही, आईनं खिचडी लावली.